खजुराच्या गावाला गेलेली कॅसेट

अल ऐन हे गाव बघायच्या आधी कितीतरी वर्षं मी ते हुंगलं होतं. कोल्हापुरात, उत्तरेश्वर पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत, खजुराचा पत्र्याचा डबा उघडला जायचा आणि गुळचट, धुळकट, तापलेल्या प्लॅस्टिकचा आणि कुठल्याशा अत्तराचा मिळून एक वास घरभर पसरायचा. तो वास म्हणजे अप्पा. अप्पा स्वतः दोन-अडीच वर्षांतून एकदा यायचे, आणि आले की आठ दिवसांत त्यांच्या अंगाला गोठ्याचा, चटणीचा, आम्हा सगळ्यांसारखाच वास यायला लागायचा. खरं सांगायचं तर मला डब्यातला वास जास्त आवडायचा. माणूस घरी आला की त्याचं अप्रूप संपतं, डब्याचं संपत नव्हतं.

त्या गावात मी प्रत्यक्ष गेले ती अप्पा जाऊन दहा वर्षं झाल्यावर, एका जानेवारीत. नवऱ्याच्या नोकरीमुळे मी अबुधाबीत राहायला आले होते. तिथून अल ऐन बसनं दोन तासांवर. तरी मी आठ महिने चालढकल केली. आज ऊन फार आहे, आज कपडे धुवायचे आहेत, आज नकोच. कोल्हापूर सोडताना अव्वानं एकच काम सांगितलं होतं. आमचं अर्धं घर कानडीत बोलतं, म्हणून आईला आम्ही अव्वा म्हणतो. ती पदरानं डबे पुसत, माझ्याकडे न बघता म्हणाली होती, "तिकडं जातीयासच तर त्यांच्या खोलीतल्या त्या इब्राहिमला भेट. ती कॅसेट असंल त्याच्याकडं. नसली तर निदान इचार, त्यांनी ऐकली हुती का. आन् ऐकून रागावलं हुतं का."

दहा वर्षं तिनं हा प्रश्न कुणाला विचारला नव्हता. मला तो तोंडपाठ होता, कारण ती न विचारता रोज तोच विचारत असायची.

बसच्या दोन्ही बाजूंना वाळू आणि रस्त्याकडेला तारेच्या कुंपणाआड नळ्यांनी पाणी पाजून जगवलेली झाडं. मग वाळू तांबूस होत गेली आणि एकाएकी बुटक्या घरांचं, हिरव्यागार चौकांचं एक गाव सुरू झालं. इतकं गप्प गाव मी पाहिलं नव्हतं. कोल्हापुरात माणूस शेजारच्याशी बोलतो तेही पलीकडच्या गल्लीला ऐकू जाईल अशा बेतानं. इथं दुपारच्या वेळी गाड्यासुद्धा आवाज न करता जात होत्या. मातीचा एक जुना किल्ला उन्हात उभा होता, त्याच्या बुरुजावर एक कबुतर, बस्स. खजुराच्या बागांमधून मातीच्या भिंतींच्या अरुंद वाटा आत गेल्या होत्या. आत शिरलं की सावली, ओल, आणि पायाशी एका बारक्या दगडी पाटातून वाहणारं पाणी. डोंगराच्या पोटातलं पाणी जमिनीखालून बोगद्यातनं आणून बागांना पाळीपाळीनं द्यायची तिथली रीत हजारो वर्षांची आहे. त्या पाटाला ते फलज म्हणतात. मला हे सगळं आधीच माहीत होतं. अप्पांनी कॅसेटमधून सांगितलं होतं: "हितं बी पाण्याची पाळी हाय बघा. आपल्यासारखीच भांडणं लागत्यात. फक्त अरबीत."

अप्पा मूळचे पंपांचे मिस्त्री. उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये त्यांचे हात सदा काळे असायचे. मी तिसरीत असताना ते इकडं आले, खजुराच्या बागांतले पंप सांभाळायला. पंप धड चालत असला की मग बागेत दारं धरायची, म्हणजे पाटाचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवायचं. गावाकडं शेतात करायचे तेच. दोन हजार किलोमीटर लांब जाऊन माणूस परत दारंच धरत बसला, असं अव्वा म्हणायची. त्यात थट्टा किती आणि कडवटपणा किती, ते तेव्हा मला कळत नसे.

पहिल्या सुट्टीत त्यांनी टू-इन-वन आणला. चंदेरी, दोन स्पीकरांचा, वर दांडी. आणि त्यासोबत एक कॅसेट. एकच. कॅसेट बरोबर घेऊन अप्पा परत गेले आणि तीन महिन्यांनी कागलच्या बाजूचा कुणीतरी सुट्टीवर आला, त्याच्या हाती खजुराच्या डब्यातून तीच कॅसेट आली. आम्ही ती टू-इन-वनमध्ये घातली, तर आतून अप्पा बोलले. अव्वानं झटकन डोक्यावर पदर घेतला. पुढं कितीही वेळा कॅसेट आली तरी ती आधी पदर घ्यायची आणि मगच बटण दाबू द्यायची. यंत्राला पाठ करून ती कधी बसली नाही.

त्या काळात आमच्याकडं फोन नव्हता. कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडं अप्पांचा फोन वर्षातून दोनदा-तीनदा यायचा आणि "ऐकू येतंय का, ऐकू येतंय का" यातच अर्धा संपायचा. अव्वाला वाचायला जेमतेम यायचं, लिहायचं तर नावच नको. म्हणून कॅसेट. ती ऐकायची, चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा ऐकायची, आणि मग त्याच कॅसेटवर आपलं बोलणं भरून परत पाठवायची. दुसरी कॅसेट आणावी असं आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही. चांगली धडधाकट वस्तू घरात असताना दुसरी कशाला, असा आमच्या घरचा सरळ हिशोब. पितळेचा तांब्या घासून पुन्हा भरावा तशी आम्ही ती कॅसेट भरायचो.

भरायचा दिवस रविवार. दुपारी तीन वाजता पंखा बंद करायचा, कारण तो घरघरतो. गोठ्यातल्या दोन्ही म्हशींपुढं आधी वैरण टाकायची, म्हणजे त्या तासभर तरी गप्प बसतील. त्या गप्प बसत नसत. मी लाल बटण आणि त्याच्या शेजारचं बटण एकदम दाबायची आणि बोलायला लागायची. बोलणारी मी एकटीच. अव्वा माझ्या मागं बसून हळू आवाजात सांगायची, "सांग त्यांना, म्हस व्याली म्हणून. रेडी झालीया म्हणावं." मी सांगायची. "सांग, पंचगंगेला पाणी लई आलतं, पर आपल्या गल्लीत न्हाय आलं." मी सांगायची. नवऱ्याशी सगळ्या घरादेखत सरळ बोलायची तिच्यात रीतच नव्हती. तिच्या सासरच्या घरात ती तशी कधी बोलली नव्हती आणि आता यंत्रासमोर तर अजिबातच नाही. अप्पांना तिचा आवाज ऐकू जायचा तो माझ्या आवाजाच्या मागून, कुजबुजल्यासारखा.

मग कॅसेट डब्यात. डब्यात कांदा-लसणाची चटणी, प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून मेणबत्तीच्या ज्योतीवर पिशवीचं तोंड चिकटवलेली. कितीही चिकटवा, वास सुटायचाच. कॅसेट तिकडून यायची ती खजुराचा वास घेऊन आणि जायची ती चटणीचा वास घेऊन. अप्पा एकदा म्हणाले होते, कॅसेट वाजवायच्या आधी आम्ही सगळे खोलीतले तिचा वास घेतो. थंडीच्या दिवसांत गुऱ्हाळं सुरू झाली की चटणीबरोबर गुळाची एक ढेपही जायची. उत्तरेश्वरच्या घंटेचा आवाज, गंगावेशीत संध्याकाळी धारोष्ण दूध प्यायला जमलेल्या पैलवानांचं खिदळणं, आणि आमच्या म्हशींचं ओरडणं, हेही सगळं न सांगता भरलं जायचं. त्यातलं आता काहीच तसं उरलेलं नाही. गोठा पाडून तिथं एकानं मोबाईलचं दुकान काढलंय.

हे सगळं किती शहाणपणाचं होतं ते आम्हाला नंतर कळलं. चार वर्षं अप्पा आमच्याशी बोलले. पाऊण-पाऊण तास बोलले. पहाटे खजुरांवर पडणाऱ्या दवाबद्दल, हातानं नर फुलोरा बांधून मादी झाडाला फळ कसं धरवतात त्याबद्दल, उंटांच्या बाजाराबद्दल, तिथल्या डाळीला चव नसते त्याबद्दल. आणि दरवेळी मी, माझ्या ह्या अंगठ्यानं, लाल बटण दाबून ते पुसत गेले. वर आमची म्हस, आमचा पाऊस, माझे गणिताचे मार्क. आज माझ्याकडं अप्पांचे चार फोटो आहेत, एक टोपी आहे, आवाज नाही. कुणी विचारलं, तुझ्या वडिलांचा आवाज कसा होता, तर मी सांगू शकत नाही. इतकंच आठवतं की ते वाक्याच्या शेवटी थोडं थांबायचे, उत्तराची वाट बघितल्यासारखे.

शेवटची कॅसेट गेली ती एका दिवाळीत. अप्पांनी त्याआधीच्या फेरीत सांगितलं होतं की यंदाही जमत नाही. लागोपाठ तिसरी दिवाळी. त्या रविवारी अव्वा मला म्हणाली, "तू जा बाहेर. यंदा मी भरती." मी चौदा वर्षांची होते, मला राग आला. तिनं आतून कडी लावली. मी ओट्यावर बसून होते. दारातून शब्द नीट येत नव्हते, पण आवाज मोठा होता. माझ्या आईचा एवढा मोठा आवाज मी गवळ्याशी भांडतानाही ऐकला नव्हता. एक वाक्य मात्र स्वच्छ आलं: "आता येऊच नका." मग कुकरची शिट्टी झाली आणि पुढचं काही कळलं नाही. तिनं कडी काढली तेव्हा तिचा चेहरा धुतल्यासारखा होता. सुट्टीवर कागलला आलेले इब्राहिमचाचा त्याच आठवड्यात परत निघाले होते, त्यांच्या हाती डबा गेला.

त्यानंतर कॅसेट आली नाही. संक्रांत गेली, जोतिबाची यात्रा गेली. कागलच्या बाजूची दोन माणसं सुट्टीवर येऊन गेली, खजूर आले, साबण आले, कॅसेट नाही. फोन आला तेव्हा मीच धावले. अप्पा म्हणाले, "पाठवतो, पाठवतो," आणि लाईन तुटली. अव्वा गोठ्यात होती. ती हात धुऊन येईपर्यंत काहीच उरलं नव्हतं. ती मला म्हणाली, "रागावल्यात." मी म्हटलं, तसं काही वाटलं नाही. ती म्हणाली, "तुला काय कळतंय." आणि मेच्या उन्हात अप्पा गेले. कसे, ते एका कागदावर अरबीत लिहून आलं होतं. तो कागद आम्ही कुणाकडून पुरता वाचून घेतला नाही.

पेटी यायला बारा दिवस लागले. आमच्यात माणसाला पुरतात. आंघोळ घालायची, विभूती लावायची, नवे कपडे घालून बसवायचं आणि बसलेलंच मातीत ठेवायचं. पण थोरले काका म्हणाले, इतके दिवस झाल्यात, आता माणसाला हलवू नका. तेव्हा आंघोळ नाही, बसवणं नाही. पेटीचं झाकण काढलं, गळ्यापर्यंत पांढरं कापड होतं, कापडाच्या वर त्यांच्या निळ्या शर्टाची कॉलर दिसत होती. जंगमांनी कपाळाला विभूती लावली आणि झालं. अव्वाला पुढं येऊन बघू दिलं, पण हात लावू दिला नाही. तिच्याकडं अप्पांशी शेवटचं म्हणून उरलेलं बोलणं ते एकच होतं. आता येऊच नका.

अप्पांच्या बागेत चौकशी केली तर कळलं, इब्राहिमचाचांचं काम चारला संपणार होतं. मला सकाळ आणि दुपार काढायची होती. तिथल्या म्युझियममध्ये गेले. आत मी आणि पहारेकरी, दोघंच. काचेच्या पेट्यांत पाच हजार वर्षांपूर्वीच्या कबरींतल्या वस्तू मांडल्या होत्या. तांबड्या मण्यांच्या माळा, मऊ दगडाच्या वाट्या, एक लहानसं तांब्याचं पातं. माणसांच्या उशाशी ठेवलेल्या वस्तू. कोण कुणासाठी काय ठेवून गेलं त्याचा काही लेख नव्हता. नंतर मी रिक्षासारखी स्वस्त टॅक्सी करून गावाबाहेरच्या एका कबरीपाशीही गेले. मोठ्या मोठ्या दगडांची गोल भिंत, त्यावर हातात हात धरलेली दोन माणसं कोरलेली. बागेत माळी पाणी घालत होता. मला उगाच राग आला. ह्यांचं पाच हजार वर्षांनी सापडतं आणि आमचं दहा वर्षांत सापडत नाही. हा रागही त्या गप्प गावात मोठ्यानं बोलल्यासारखा वाटला.

चार वाजता बागेच्या दारात एक म्हातारा उभा होता. पांढरी दाढी, मळका लांब झगा, खांद्यावर टॉवेल. त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "काय पावणं, कुठलं म्हणायचं?"

'पावणं' ह्या एका शब्दानं माझे डोळे भरले. मी म्हटलं, "चाचा, मी."

"वळखलं की. नाक बापाचं हाय." मग टॉवेलनं त्यांनी एक दगड झाडला आणि मला बसायला दिला. स्वतः पाटाच्या कडेला बसले. अव्वा कशी आहे विचारलं, म्हशी किती आहेत विचारलं. मी सांगितलं, म्हशी नाहीत आता. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढून मांडीवर ठेवला. म्हशी गेल्याचं त्यांना अप्पा गेल्यासारखंच लागलं असावं.

माझ्यानं आणखी थांबवेना. मी विचारलं, "चाचा, दिवाळीतली ती शेवटची कॅसेट. अव्वानं भरलेली. अप्पांनी ऐकली होती का?"

चाचांनी माझ्याकडं असं बघितलं की मी काही भलतंच विचारलंय. "ऐकली हुती का म्हंजे? पोरी, आमाला समद्यांना पाठ झालती ती."

आणि ते म्हणायला लागले. पाटातल्या पाण्याकडं बघत, माझ्या आईच्या ठेक्यात, कुठं थांबायचं तेही तसंच थांबत. "ह्यो तिसरा दिवाळसण. पोरीनं आकाशकंदील केलाय, तिनंच लावला, स्टुलावर चढून. मागल्या साली म्हटलासा, फुडच्या दिवाळीला येतो. फुडची आली आन् गेली. आता येऊच नका. हितं कोण वाट बघत न्हाय. मी हाय, म्हशी हायत्या, आमचं झ्याक चाललंय." चाचांनी बोट वर केलं. "हितं कुकर शिट्टी देतोय." मग पुढं. "तुमी त्या खजुरालाच बांधून घ्या सोताला. पाणी पाजंल कोणतरी. चटणी पाठवत न्हाय ह्या बारीला. अळणी खावा." पुन्हा बोट. "हितं म्हस वरडती. मग कायबी न्हाय, निसती खरखर. मग म्हणती, पाठवलीया थोडी. डब्याच्या तळाला हाय."

मी मान खाली घातली. दाराआड बसून मी दहा वर्षांपूर्वी जे ऐकू शकले नव्हते, ते कागलकडच्या एका म्हाताऱ्यानं वाळवंटातल्या बागेत मला म्हणून दाखवलं.

"रोज कामावरनं आला की आंघोळ, मग कॅसेट," चाचा म्हणाले. "खजुराला बांधून घ्या, तितं आलं की हसायचा. एवढा हसायचा की खोकला लागायचा. म्हणायचा, सतरा वर्सं झाली लग्नाला, बायको पयल्यांदा माज्याशी बोलली बघ. पोरीच्या तोंडनं न्हाय, सोता बोलली. आमी म्हणायचो, आरं उत्तर तर धाड. तर म्हणायचा, धाडतो की. पर ह्याच्यावर कसं भरू? पुसून जाईल. दुसरी कॅसेट घेतो. म्हणायचा, सुट्टीला बाजारात गेलो की घेतो. आज न्हाई, उद्या घेतो."

"मग घेतली नाही?"

"घेतली हुती. कोरी. तिच्यावर काय भरायचं ते सुचायचं न्हाय त्याला. दोनदा बसला भरायला. एकदा निसताच खाकरला. म्हणाला, एवढं बोलल्यावर आता नीट बोलाय पायजे."

पाण्यावर एक वाळकं पान आलं, ते चाचांनी काठीनं बाजूला केलं. पाट अडू नये म्हणून. मी विचारलं, "ती कॅसेट कुठंय, चाचा? अव्वाला हवी आहे."

"म्हंजे? तुमच्याकडंच हाय की."

"आमच्याकडं नाही."

"असं कसं?" ते सावरून बसले. "मी सोता दवाखान्यात त्याला शर्ट घातला. निळा. त्याच्या छातीच्या खिशात ठेवली म्या. प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून. म्हटलं, सामानात घातली तर कोणतरी काडून घेईल. खिशात ऱ्हाईल. घरी गेला की तुमी कापडं काडशिला, धुवशिला, तवा गावंल."

मी त्यांना सांगितलं. आम्ही कपडे काढले नाहीत. आंघोळ घातली नाही. गळ्यापर्यंतचं कापडही बाजूला केलं नाही.

चाचांच्यात माणूस गेला की कपडे उतरवून, नीट आंघोळ घालूनच मातीला देतात. आमच्यातही आंघोळ असते. ती एकाच माणसाच्या वाट्याला आली नाही, आणि तो माणूस अप्पा होता. चाचा दहा वर्षं समजत होते की कॅसेट आमच्या घरी आहे, आम्ही ती ऐकतो. आम्ही समजत होतो ती इकडं राहिली, वाळूत कुठंतरी. आणि ती कोल्हापूरच्या मातीत होती, आमच्या घरापासून चालत वीस मिनिटांवर. दर अमावास्येला अव्वा तिथं जाऊन बेल वाहून यायची.

"आंघुळ न्हाय घातली," चाचा म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, "आंघुळ न्हाय घातली व्हय." त्यांनी टॉवेल तोंडावर धरला. मला त्यांची समजूत घालता आली नाही, माझीच कुणी घातली नव्हती. पाळी बदलायची वेळ झाली तसा एक बलुची पोरगेला माणूस फावडं घेऊन आला आणि आमच्या पायाशी चालणारं पाणी त्यानं पलीकडच्या बागेत वळवलं. पाट हळूहळू उघडा पडला.

बसस्टॉपवर बसून मी अव्वाला फोन लावला. कोल्हापुरात दिवे लागले असतील. काय सांगायचं, किती सांगायचं, हे मी वाटभर ठरवत आले होते. कॅसेट सापडली नाही, चाचांना काही आठवत नाही, एवढं म्हणून मोकळं होता आलं असतं. पण तिनं दहा वर्षं थांबून एकच गोष्ट मागितली होती. मी सगळं सांगितलं. खिशाचं सांगितलं. मला वाटलं लाईन तुटली.

"म्हंजे आपणच पुरली," ती म्हणाली.

"हो, अव्वा."

"आन् रागावलं न्हवतं?"

"नाही. रोज ऐकायचे. हसायचे. एवढे की खोकला लागायचा."

"कशाला हसायचं?"

"खजुराला बांधून घ्या म्हणालीस त्याला. आणि चटणी डब्याच्या तळाला आहे म्हणालीस, त्याला."

"चटणीचं बोलले हुते व्हय मी?" तिला ते आठवत नव्हतं. आपण जेवढं वाईट बोललो तेवढंच तिनं जपून ठेवलं होतं. पलीकडं कुणीतरी दार लोटल्याचा आवाज आला, मग ती बहुधा खाली बसली असावी, कारण तिचा श्वास मला जवळून ऐकू यायला लागला.

"मी ते खरंच रागानं म्हटलं हुतं गं," ती म्हणाली. "खोटं न्हवतं ते. येऊच नका म्हणजे येऊच नका. तीन दिवाळ्या म्हंजे काय थोडक्या झाल्या? आन् हे हसत बसलं. खोलीतल्या माणसांस्नी ऐकवत बसलं. दोन शब्द पाठवाय काय झालतं? कदी म्हणून माणसाला माजा राग कळला न्हाय बघ."

ती बोलत राहिली. बस आली, माणसं चढली, मी चढले नाही. दहा वर्षं तिनं अप्पांचं नाव काढलं की पदर डोळ्याला लावला होता. आज ती त्यांच्यावर चिडली होती, घरी उशिरा आलेल्या माणसावर चिडावं तशी, आणि मला तिला थांबवायचं नव्हतं.